आडकित्त्याचा बोर्डिंग पास

जव्हारच्या माणसाला चढण्याचं शिक्षण दोनच ठिकाणी मिळतं. एक घाटात आणि दुसरं एस.टी.त. विमानात चढणं हा विषय आमच्या अभ्यासक्रमात नव्हता. जव्हारला रेल्वे नाही, मोखाड्याला तर नाहीच नाही. ती येणार, असं मी पाटी-पेन्सिल धरल्यापासून ऐकतो आहे. तेव्हा रेल्वेची पायरी गाळून एकदम विमानाच्या पायरीवर पाय ठेवणं म्हणजे बालवाडीतून थेट बी.कॉम.च्या परीक्षेला बसण्यासारखं होतं. मी स्वतः बी.कॉम. आहे, त्यामुळे ही उपमा जबाबदारीनं देतो आहे.

निमित्त धाकट्या बहिणीचं. तिनं बंगळुरूला घर घेतलं आणि वास्तुशांतीला नानांना विमानानंच आणायचं, असा फोनवर हुकूम सोडला. नाना म्हणजे आमचे वडील. वय वर्षे शहात्तर. पस्तीस वर्षं एस.टी.त कंडक्टर, त्यातली बरीचशी जव्हार-मोखाडा-नाशिक या रस्त्यावर काढलेली. मी बँकेत कारकून. शाखेत मी विनोदी लेखक म्हणून प्रसिद्ध आहे आणि लेखकांत बँकेतला माणूस म्हणून, त्यामुळे दोन्हीकडे माझ्याकडे कुणी गंभीरपणे पाहत नाही.

तिकिटं काढली तेव्हा नानांनी एकच प्रश्न विचारला, "गाडी किती वाजता लागते?"

"नाना, विमान लागत नाही. सुटतं."

"लागल्याशिवाय सुटेल कसं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढं विमानतळावर पाच तास काढल्यावर कळलं, की प्रश्न बरोबर होता. सुटणं ही दोन मिनिटांची गोष्ट. बाकी सगळं लागणंच.

जव्हारचा माणूस विमानात चढलाच नव्हता असं मात्र कुणी समजू नये. आमचे राजेसाहेब यशवंतराव मुकणे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हवाई दलात अधिकारी होते. पुढं ते लोकसभेवरही निवडून गेले. म्हणजे गावाचा हिशेब असा, की राजा विमानात चढला महायुद्धात, आणि कारकून चढला परवा. मधली ऐंशी वर्षं बाकीची प्रजा एस.टी.त चढत होती. आणि तिला चढवून घेत होते आमचे नाना.

कॉमर्सवाल्याला इतिहास तारखांवरून समजतो, कारण व्याज तारखेवरूनच लागतं. मी प्रवासाच्या आधी पंधरा दिवस तारखा जुळवत बसलो होतो, त्यात एक गंमत सापडली. १ जून १९४८ रोजी अहमदनगरहून पुण्याला राज्य परिवहनची पहिली गाडी सुटली. अहमदनगरचं आता अहिल्यानगर झालंय. किसन राऊत चालक, लक्ष्मण केवटे वाहक. त्यानंतर बरोबर सात दिवसांनी, ८ जून १९४८ रोजी, मुंबईहून एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' हे विमान कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलं. आणि त्याच १९४८ साली जव्हारचं संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. म्हणजे आमचा राजा गेला, एस.टी. आली आणि परदेशी विमान सुरू झालं, हे सगळं एकाच वर्षाच्या जमाखर्चात बसतं. विमान आणि एस.टी. सात दिवसांच्या अंतरानं जन्मलेली चुलतभावंडं आहेत. एक भाऊ लंडनला गेला, एक मोखाड्याला. हे नानांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मोठा कोण?" मी म्हटलं, एस.टी. त्यावर ते जे खूश झाले, ते मुंबई येईपर्यंत.

खरं तर या देशात टाटांच्या पहिल्या विमानात प्रवासी नव्हताच. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, ते टपाल घेऊन. जुहूचं मैदान म्हणजे समुद्राकाठची सपाट जमीन. पावसाळ्यात तिचा चिखल व्हायचा, तेव्हा विमानसेवेचा मुक्काम पुण्याला हलवत. पावसाळ्यात गाडीचा मार्ग बदलणं हे आम्हा जव्हारकरांना इतकं घरचं वाटतं, की जुहूबद्दल एकदम आपुलकी दाटून आली. पुढं महायुद्धात सांताक्रूझचा विमानतळ तयार झाला आणि १९४८ पासून नागरी विमानं तिकडे गेली. सहारला निराळं टर्मिनल झालं ते १९८१ साली. आताचं ते प्रचंड टर्मिनल २०१४ सालचं. आणि हा सगळा विमानतळ ज्या छत्रपतींच्या नावाचा आहे, ते १६६४ साली सुरतेच्या वाटेवर आमच्या जव्हारला थांबले होते. शिरपामाळावर विक्रमशहा राजांनी त्यांचं स्वागत केलं, असं आमच्याकडे सांगतात. त्यांना कुणी ओळखपत्र मागितलं नसावं.

सुरुवातीच्या दिवसांत विमानात चढणाऱ्या माणसाला काट्यावर उभं करत. सामानाचं वजन तर करतच, पण माणसाचंही करत, कारण लहान विमानात प्रत्येक किलोचा हिशेब लागे. आपल्याला हे गमतीचं वाटतं, पण २०२४ साली फिनलंडच्या विमान कंपनीनं हेलसिंकीला प्रवाशांना पुन्हा काट्यावर बोलावलं. राजीखुशीनं, हिशेबासाठी. आता आपल्याकडे माणसाला कुणी तोलत नाही, फक्त त्याची बॅग तोलतात. हातातलं सामान सात किलो. हे सात किलो पाळताना माणसं जी करामत करतात, ती पाहून मला आमच्या संस्थानाचा मूळ पुरुष आठवतो. जयाबा मुकणे यांनी म्हणे एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. मिळाल्यावर कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, टोकाला टोक जोडून वेढा घातला आणि त्यात अख्खा प्रांत बसवला. १३४३ साली त्यांच्या मुलाला दिल्लीच्या सुलतानानं राजा म्हणून मान्यताही दिली. विमानतळाच्या दारात दोन स्वेटर, एक कोट आणि खिशात चार्जर कोंबून, बॅग पावणेसात किलोवर आणणारा माणूस मला या घराण्यातला वाटतो.

नानांना मात्र वजनाची ही बोली मान्य नव्हती. त्यांच्या गाडीत जे चढत होतं, त्याचं वजन कोण करणार? आमच्याकडे भाताची कापणी झाली, दिवाळी उलटली की मोखाड्याच्या, जव्हारच्या पाड्यांवरची माणसं वीटभट्ट्यांवर निघतात. भिवंडी, वसई, कुठं कुठं. होळीला काही दिवस परत येतात आणि पुन्हा जातात, ती पावसाच्या तोंडावर गावी यायला. जाताना माणूस एकटा जात नाही. संसार जातो. हंडा, तवा, गोधड्या, तांदळाचं गाठोडं, पाटीत कोंबडी आणि पाटीवर पोर. नाना सांगतात, त्या दिवसांत दरवाज्यातून शेवटचा माणूस आत घेताना ते सामानाकडे पाहायचे नाहीत, फक्त डोकी मोजायचे. एकदा मोखाड्याला एका बाईचं सगळं सामान टपावर चढलं आणि गाडी हलायच्या बेतात असताना लक्षात आलं की बाईच नाही. ती मागं राहिलेल्या म्हाताऱ्या सासूला आणायला गेली होती. नानांनी गाडी उभी केली. गाडीतले बाकीचे ओरडले. नाना म्हणाले, "सामान आहे आणि माणूस नाही, अशी गाडी मी सोडत नाही." पंचवीस मिनिटं गाडी उभी. कंट्रोलरनं विचारल्यावर उशिराचं कारण त्यांनी 'सासू' असं लिहिलं होतं म्हणतात. हे नानांचं म्हणणं. मी ती वही पाहिलेली नाही.

हा नियम नानांचा एकट्याचा नाही, हे मला नंतर कळलं. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचं 'कनिष्क' विमान आयर्लंडजवळ समुद्रावर स्फोटानं फुटलं आणि ३२९ माणसं गेली. व्हँकूवरला एका माणसाची बॅग चढली होती. माणूस चढला नव्हता. त्यानंतर जगभर हा नियम कडक झाला, की प्रवासी नाही तर त्याची बॅगही नाही. आपल्याकडे कित्येक वर्षं प्रवाशांना विमानाच्या शिडीशी नेत. तिथं उन्हात सगळ्या बॅगा मांडलेल्या असत, आपली दाखवायची, मग ती चढायची, मग आपण. ज्यांनी ते दिवस पाहिले ते आजही पट्ट्यावर सोडलेल्या बॅगेकडे पाठमोरं होताना दोनदा वळून पाहतात.

आता आमच्याकडे वळतो. विमान दुपारी दोनचं. नानांनी रात्री दीडला घर सोडायला लावलं. कारण काय, तर "पहिली गाडी चुकली की दिवस गेला." भाड्याच्या इको गाडीनं विक्रमगड, मनोर करत आम्ही पहाटे साडेपाचला विमानतळावर. तिथल्या जवानानं तिकीट पाहिलं, घड्याळ पाहिलं, नानांकडे पाहिलं आणि फार आदरानं सांगितलं, की बाबा, इतक्या लवकर आत सोडता येत नाही. साडेतीन तास आम्ही बाहेरच्या बाकावर काढले. मी मनातून चरफडत होतो. नानांनी मात्र ते साडेतीन तास डेपोत नव्यानं बदलून आलेल्या माणसासारखे घालवले. गाड्या कुठं लागतात, माणसं कुठं उतरतात, पोहोचवायला आलेल्यांना कुठवर येऊ देतात, सगळं पाहून आले. येऊन म्हणाले, "एका माणसाला पोहोचवायला सात माणसं. आपल्या मोखाड्यासारखंच आहे."

आत गेल्यावर मोठी बॅग पट्ट्यावर सोडली, बोर्डिंग पास मिळाले. मी नानांच्या पिशवीला लावायला कागदी चिठ्ठी शोधू लागलो. पूर्वी हातातल्या पिशवीला अशी चिठ्ठी बांधायची आणि तपासणी झाल्यावर तिच्यावर शिक्का मारून घ्यायचा, असं मला शाखेतल्या एका अनुभवी साहेबांनी बजावून सांगितलं होतं. शिक्का नसेल तर विमानाच्या दारातून परत पाठवतात! एप्रिल २०१७ पासून मुंबईसह सात विमानतळांवर तो शिक्का बंद झाला, ही बातमी साहेबांपर्यंत आलेली नव्हती. शिक्का बंद झाला हे ऐकून मला वैयक्तिक दुःख झालं. वीस वर्षं शिक्के मारून ज्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आला आहे, त्याच्या देखत अशा गोष्टी होऊ नयेत.

मग तपासणी. पट्टा काढा, पाकीट काढा, नाणी काढा. नाना ट्रेमध्ये एकेक वस्तू ठेवत होते. तपकिरी पाकीट, चष्म्याची डबी, एस.टी.चा निवृत्तांचा जुना पास. पिशवी यंत्रातून गेली आणि पलीकडे एका जवानानं ती बाजूला घेतली.

"यात काय आहे बाबा?"

"काही नाही. आडकित्ता आहे."

तो आडकित्ता आईचा. पितळी मुठीचा, लोखंडी पात्याचा, मुठीवर दोन मोर. एका मोराची मान झिजून पोपटासारखी झालेली. आईला जाऊन सहा वर्षं झाली. जाताना तिनं दागिन्यांचं काही सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखे नव्हते. आडकित्ता मात्र पोरीला द्या म्हणाली होती. नवं घर झालं की द्यायचा, असं नानांनी ठरवलं होतं. तो त्यांनी मोठ्या बॅगेत ठेवला नाही, कारण पस्तीस वर्षं त्यांनी स्वतःच प्रवाशांना ओरडून सांगितलं होतं, की मौल्यवान वस्तू आपल्याजवळ ठेवा.

जवान मराठीच होता, नाशिककडचा. त्यानं आडकित्ता उघडला, मिटला. त्यालाही तो ठेवून घ्यायचा नव्हता हे दिसत होतं. "बाबा, हत्यार धरतात याला. नेता येणार नाही. इथं टाकावा लागेल." शेजारी एक पारदर्शक पेटी होती. तिच्यात कात्र्या, पेचकस, लायटर आणि एक चांगला स्टीलचा चमचा. चमच्याचा गुन्हा काय होता कळलं नाही.

नाना म्हणाले, "पावती द्याल?"

"पावती नसते बाबा."

नाना काही बोलले नाहीत. त्यांनी आडकित्ता हातात घेतला आणि धोतराच्या सोग्यानं पुसायला लागले. टाकायच्या वस्तूला कुणी पुसतं का? मागं रांग वाढत होती. एक सूटवाले गृहस्थ घड्याळ पाहत होते. मी कारकून आहे. रांग माझ्यामुळे थांबली तर मला घाम फुटत नाही, सवय आहे. पण त्या दिवशी फुटला.

शेवटी तो जवानच म्हणाला, "विमान किती वाजताचं?"

"दोनचं."

त्यानं घड्याळ पाहिलं. सव्वादहा वाजले होते. इतका वेळ हातात असलेला प्रवासी त्यानं बहुधा प्रथमच पाहिला असावा. "मग परत जा की काउंटरवर. बॅगेत घालून सोडा याला खालून."

पहाटे दीडला घर सोडल्याबद्दल मी नानांना मनातल्या मनात जे काही बोललो होतो, ते तिथल्या तिथं मागं घेतलं.

परत जाणं आत येण्याइतकं सोपं नसतं. विमान कंपनीची एक मुलगी आली, तिनं आम्हांला उलट्या दिशेनं बाहेर नेलं, वहीत नावं लिहून घेतली. आमची मोठी बॅग तर केव्हाच गेली होती. आता आडकित्ता घालायचा कशात? नानांची कापडी पिशवी चालेना, तिला कुलूप नाही. उरली माझी बँकेची बॅग. कर्मचारी संघटनेच्या सुवर्णमहोत्सवात मिळालेली, चेनवाली. ती मी तिथंच काउंटरसमोर रिकामी केली. माझा डबा, टॉवेल, दोन मासिकं आणि बहिणीसाठी घेतलेले पापड नानांच्या पिशवीत. बॅगेत फक्त आडकित्ता, माझ्या रुमालात गुंडाळून. काउंटरवरच्या मुलीनं बॅग काट्यावर ठेवली. काटा जरा हलला आणि थबकला.

"सर, रिकामी आहे का?"

"नाही. आडकित्ता आहे."

तिला आडकित्ता म्हणजे काय ते कळेना. मी सुपारी कातरण्याचा अभिनय केला. ती हसली, आणि कडीला तो लांब कागद चिकटवला. त्याच्या दुसऱ्या तुकड्याचं चिटोरं नानांच्या हातात दिलं. नानांनी ते चष्मा लावून वाचलं. नंबर आहे, तारीख आहे, कुठून कुठं आहे. म्हणाले, "ही घ्या पावती. मघाशी हेच मागत होतो."

त्यानंतर विमानात चढण्याचा मुख्य समारंभ म्हणजे काहीच नाही. पण नानांनी तो धंद्याच्या नजरेनं पाहिला. गेटवर गट पुकारले. आधी चाकाच्या खुर्चीवाले, मग लहान मुलंवाले, मग मागच्या रांगांचे, मग पुढचे. एका गटाला बोलावलं की तिन्ही गट उभे राहत होते. नाना म्हणाले, "मागचे आधी घेतात, पण सगळ्यांच्या बॅगा एकाच ठिकाणी अडकणार. त्यापेक्षा सोडून द्यावं, बसतात आपापले." मला वाटलं ही एस.टी.ची खोड. पण २००८ साली जेसन स्टेफन नावाच्या एका खगोलशास्त्रज्ञानं याचं गणित मांडलं. पुढं ७२ माणसं खोट्या विमानात चढवून प्रयोगही केला. मागून पुढं गट करून भरण्यापेक्षा कसेही, पांगून चढलेले प्रवासी लवकर बसतात, असं निघालं. म्हणजे जव्हार डेपोला जे ठाऊक होतं, ते विज्ञानानं मान्य केलं. आपल्याकडे २००३ साली एअर डेक्कन सुरू झाली तेव्हा आसनाचा नंबरच नव्हता, जो पळेल त्याची खिडकी. अमेरिकेतल्या साउथवेस्टनं तर पन्नासाहून अधिक वर्षं असंच चालवलं आणि जानेवारी २०२६ मध्ये ते बंद केलं. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची सोय त्यांच्याकडेही नव्हती. तिथं आपण अजून पुढं आहोत.

नानांना खिडकी मिळाली. दार लागलं आणि कुठूनसा टिंग टिंग असा दोनदा आवाज आला. नाना डोळे मिटून बसले होते, ते न उघडताच म्हणाले, "डबल दिली. सोडा."

बंगळुरूला उतरल्यावर नाना पट्ट्यापाशी सगळ्यांत पुढं जाऊन उभे राहिले. हातात ते चिटोरं. आमची मोठी बॅग आली. मी उचलली, त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. माणसं आली, बॅगा घेऊन गेली. पट्टा जवळजवळ रिकामा झाला. बाहेरून बहिणीचा फोन, कुठं आहात, कुठं आहात. मी म्हटलं, थांब, एक प्रवासी यायचा आहे.

मग त्या रबरी पडद्याच्या फटीतून माझी संघटनेची बॅग एकटीच बाहेर आली. एवढ्या मोठ्या पट्ट्यावर ती पोकळ बॅग आडवी पडून डुलत येत होती. नानांनी ती थांबवली नाही. शेजारून चालत गेले, आधी चिठ्ठीचा नंबर चिटोऱ्याशी ताडून पाहिला, आणि मगच उचलली. चेन उघडली, रुमाल सोडला. मग धोतराच्या कनवटीतून एक अख्खी सुपारी काढली आणि तिथंच खांबाला टेकून कातरली.

"चालतो," म्हणाले. "आता तिला दे म्हणावं."